भर उन्हात वीज गेली

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी वीज गेली आणि सासऱ्यांची ऑक्सिजनची मशीन बंद पडली. छतावर सोलर असून! बाहेर रणरणतं ऊन आणि घरात पंखासुद्धा फिरेना. घाईघाईने छोटा सिलिंडर लावला आणि त्याचा काटा खाली उतरताना बघत बसले. वीज आली तेव्हा काटा तळाला टेकत आला होता.

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले. स्वतः लाईनमन. सगळा राग त्यांच्यावर काढला. "आपली वीज आपल्याच घरी काहून चालत नाही?"

"आपली जास्तीची वीज दिवसा लाईनमध्ये जाते, मीटर ती मोजते, रात्री आपण तेवढी वापस घेतो," ते म्हणाले. "लाईन बंद झाली की सोलरही आपोआप बंद होते. नाहीतर छतावरचा करंट तारेत येईल. तुले सांगायचं राहूनच गेलं. दुपारी मी आपल्याच लाईनवर, मागच्या गल्लीतल्या खांबावर होतो वं."

सासऱ्यांसाठी जी वीज मी दुपारभर मागत होते, ती आली असती तर तारेतून थेट यांच्या हातात.

घरापुरती बॅटरी बसवू म्हणाले. तोवर उद्याच मोठा सिलिंडर आणायचा. डोळ्यांसमोरून तो काटा हलत नाही. पण आता दुसरंच मनात येतंय. गल्लीतल्या इतक्या छतांवर सोलर आहे, सगळ्यांची बंद होतेच ना?

विचारलं, तर जेवता जेवता म्हणाले, "होते. तरी मी तार तपासूनच हात लावतो."

तो 'तरी' म्हणजे, एखाद्या छतावरची बंद झाली नसेल ही भीती यांनाही आहे.