मोहाच्या मुलखात अण्णा

वर्धा,
१२ एप्रिल १९५५

प्रिय मधू,

अण्णा सापडल्याची तार तुला मिळाली आणि तू रविवारी जबलपूरहून निघतो आहेस, हे तुझं कार्ड काल आलं. प्रमिलाने त्यांच्यासाठी खालची खोली झाडूनपुसून ठेवली, खिडकीला पडदाही शिवला, हे वाचून बरं वाटलं. तिला माझा आशीर्वाद सांग. तू निघण्याआधी हे पत्र तुला मिळावं म्हणून आज शाळेतून रजा घेऊन लिहायला बसले आहे. मुलींना निबंध शिकवणारी मी, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. जे पाहिलं ते सगळं खरं आहे, फक्त एकमेकांशी जुळत नाही.

अण्णा घरातून गेले ते असे. शाळेत जाताना मी बाहेरून कुलूप लावते हे तुला ठाऊक आहे. त्यांना घरचा रस्ताही आठवेनासा झाल्यावर दुसरा इलाज उरला नव्हता. दुपारी शेजारच्या मनकर्णाबाई दार उघडून त्यांना जेवायला वाढतात. त्या दिवशी त्या ताक आणायला आपल्या घरात गेल्या आणि तेवढ्यात अण्णा टोपी घालून, खांद्याला झोळी लावून निघाले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हटकलं तर म्हणाले, "सभा आहे. मोहाचे दिवस आहेत बाप्पा, आता नाई गेलो त कधी जाऊ?" ते ऐकलं आणि मला दिशा कळली. दर चैत्रात मोहाची फुलं गळून दारूच्या भट्ट्या लागल्या की ते दारूबंदीच्या प्रचाराला आर्वी-आष्टीकडे जात, हे तुला आठवत असेल. पाडव्याची गुढी आई एकटीच उभारायची. लहानपणी मला वाटायचं, मोह म्हणजे आपल्या वडिलांना पळवून नेणारी कुणी बाई असावी.

दुसऱ्या दिवशी मी पुलगावहून छोट्या गाडीने आर्वीला गेले. अण्णा जिथे उतरायचे त्या कापडाच्या दुकानात चौकशी केली. जुने मालक वारले, आता त्यांचा मुलगा रूपराव गल्ल्यावर बसतो. तो म्हणाला, "आलते ना. चहा पेले. मले माह्या बापाच्या नावानं हाक मारली, अन् आष्टीची मोटार कुठून निघते ते इचारलं. मले वाटलं, थट्टा करून राह्यले." त्याला अण्णांची थट्टा आठवत होती, मधू. त्याच्या दुकानात अण्णा बसले की रस्त्यापर्यंत हसू ऐकू जायचं म्हणे. आपल्या घरात ते मोठ्याने हसले, असा एक तरी दिवस तुला आठवतो का? मला आठवत नाही.

आष्टीला त्या दिवशी बाजार होता. भाजीच्या ओळीत शकुबाई म्हणून एक म्हातारी भेटली. मी अण्णांची मुलगी हे कळताच हातातली वांगी खाली ठेवून ती माझ्या पाया पडायला वाकली. तिचा नवरा दारूत बुडाला होता. अण्णा रोज त्याच्या दाराशी येऊन बसत आणि तो शुद्धीवर असला की त्याला बरोबर घेऊन शेतावर जात. शेवटी त्याची सुटली. "तुह्या बापानं माह्यी चूल पेटवली बाई," ती म्हणाली. मला भरून आलं. पण अण्णा गेले म्हणून तिने दाखवलेल्या टेकड्यांच्या दिशेने बैलबंडीत बसून निघाले, तर वाटेतल्या एका खेड्यात पारावरच्या म्हाताऱ्याने अण्णांचं नाव ऐकताच तोंड फिरवलं. त्यांनी देवापुढची दारूची मडकी फोडली होती, पोलीस बरोबर आणले होते, आणि त्याचा भाऊ त्यात तुरुंगात गेला होता. भाऊ परत आला तो खंगूनच. ह्या दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी मात्र बंडीत बसून विचार करत राहिले की मी शोधते आहे ते नेमके कोणते अण्णा.

त्या मुलखाचा वास तुला कसा सांगू? पळस सरला होता, रानात पानं नव्हती, आणि सगळीकडे मोहाचा गोडसर, थोडा आंबूस वास भरून होता. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली. आधी मी पदर नाकाला लावला. दुपारपर्यंत तो वास येतो आहे हेही मी विसरले.

टेकडीखालच्या गोंडांच्या वस्तीत ते सापडले. एका झाडाखाली बायकांच्या मध्ये उकिडवे बसून फुलं वेचत होते. टोपी उलटी करून तीच टोपली केली होती. मला पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या? उन्हात काऊन उभ्या? सावलीत या." मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी एक फूल माझ्या हातावर ठेवलं आणि चाखून पाहा म्हणाले.

ज्याच्या घरी ते होते त्याचं नाव पुनाजी. नाल्याकाठी चपला तुटलेल्या, ओठ सुकलेले असे ते त्याला दिसले. त्याने ओळखलं, आणि तरीही पाठुंगळीला घेऊन घरी आणलं. "माह्या लग्नातली मडकी यायनंच फोडलती," तो मला म्हणाला, "पाव्हणे तसेच कोरडे गेले." त्यात राग नव्हता, शेजारच्या गावची गोष्ट सांगावी तसं सांगत होता. मी विचारलं, मग घरात का घेतलंत? उत्तर त्याच्या बायकोने दिलं, रुखमाने. "तवाचा माणूस येगळा होता बाई. हा म्हतारा रस्ता चुकून आला. याच्यावर कायचा राग धरता?" तिला ते इतकं सरळ दिसत होतं. मला नाही दिसत, मधू. माझ्यासाठी तर तो एकच माणूस आहे.

ती मंडळी आपसात त्यांच्या भाषेत बोलतात. अण्णांना त्यातलं अक्षर कळत नाही, तरी मान डोलावतात आणि हसतात. आपली मराठी तरी हल्ली त्यांना कुठे पुरती कळते? घरी समजलं नाही की ते चिडतात, ताट लोटतात. तिथे समजायची सक्तीच नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला अण्णा म्हणाले, सभेची वेळ झाली. मी त्यांना समजवायला उठले तर पुनाजीने हातानेच मला थांबवलं. दहाबारा माणसं अंगणात येऊन बसली. रोज बसतात म्हणे. अण्णा उभे राहिले आणि दारूच्या दुष्परिणामांवर बोलू लागले. तेच जुनं भाषण, तोच हात वर करणं. मध्येच धागा तुटला की श्रोत्यांतला एक म्हातारा गंभीरपणे म्हणायचा, "बरोबर हाय अण्णाजी, पुढं सांगा." मी निरखून पाहिलं, कोणी चेष्टा करत नव्हतं. भाषण संपलं, आणि रुखमाने सगळ्यांना पानांचे द्रोण दिले. अण्णांनाही दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून घोटघोट संपवला आणि म्हणाले, "शरबत चांगलं झालं आज." मी हे पाहिलं. ओरडून द्रोण काढून घ्यायला हवा होता की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. जी दारू हटवण्यासाठी त्यांनी आईचे सण, आपलं बालपण, सगळं दिलं, तीच ते माझ्यासमोर पीत होते आणि तृप्त दिसत होते. मी तोंड फिरवलं, इतकंच केलं.

सकाळी मी त्यांची झोळी भरली आणि म्हटलं, चला, घरी जाऊ. ते माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम, अगदी स्वच्छ आवाजात, जसे आपल्या शाळेच्या वयात बोलायचे तसे, म्हणाले, "भागी, कुलूप आणलं काय?" मला ओळखून बोललेलं त्यांचं हे वर्षभरातलं पहिलं वाक्य. मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले, टोपी उचलली आणि बायकांच्या मागे झाडाकडे चालू लागले. दहा पावलांवर परत विसरले असावेत, कारण मागे वळून मला नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगते. तू घरी येऊ नकोस, कारण अण्णा घरी नाहीत. मी त्यांना पुनाजीकडे ठेवून एकटी परत आले. मनकर्णाबाईंना सांगितलं की ते तुझ्याकडे गेले, आणि तुला पत्रातून हे सांगते आहे. त्यांचं सुख पाहून मी तसं केलं, असं मला म्हणायचं आहे. पण रात्री त्यांच्यासाठी जागावं लागत नाही, आल्यापासून मी रोज पहाटेपर्यंत गाढ झोपते, आणि म्हणून माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. तेव्हा तू वर्ध्याला न उतरता पुलगावपर्यंत ये, मी आर्वीच्या गाडीजवळ उभी असेन. त्यांना घेऊनच यायचं असं तू ठरवलंस तर मी अडवणार नाही. ठेवायचं म्हणालास तर पावसाळ्याचा प्रश्न आहे. पुनाजीचं छप्पर धड नाही, अण्णांना दमा आहे, आणि पोलीस कधीतरी तिथे येतीलच. आजवर घरातलं सगळं मी ठरवत आले, तू हो म्हणत आलास. ह्या वेळी मला एकटीला ठरवू देऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
भागीताई