पदकावरच्या रेघा चंद्राच्या नव्हेत

मी, कोपऱ्यावरची किल्लीवाली, वय ऐंशीच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, डोकं जागेवर आहे. कोणी भरीस न घालता, राजीखुशीने लिहिते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. केलेलं नाहीच, पण असं लिहायचं असतं म्हणे.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना, दोघांत सामाईक. सुनेचं नाव आधी घालावं. छत गळतंय हे मुलाला बादलीत पाय पडल्यावर कळतं.

२. दुकान, किल्ल्या कापायचं मशीन आणि सगळ्या कानशी नातीला. बापाला हात लावू देऊ नये. त्याने एकदा मोठ्या कानशीने डबा उघडला होता.

३. नणंदेने माझं पितळी कुलूप नेलं, ते तिलाच राहू दे. किल्ली मी देणार नाही.

४. गळ्यातलं हाडाचं कोरीव पदक. मुलगा म्युझियममध्ये नोकरीला, तो म्हणतो दोन हजार वर्षांचं. असेल. त्यावर पंधरा रेघा आहेत. या चंद्राच्या पंधरा तिथी, असं त्याने पुस्तकात छापलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी गप्प बसले. आता ऐक बाळा, पंधरावी रेघ मी कानशीने काढली आहे. चौदावी तुझ्या आजीची.

आमच्यात सून पहिल्यांदा सासूला उलटून बोलली की सासू पदक काढून तिच्या गळ्यात घालते, आणि सून एक रेघ कोरते. त्या दिवसापासून ती पाहुणी नाही, घरची. हे सुनेला आधी सांगत नाहीत, नाहीतर मुद्दाम भांडेल. पुरुषांनी कधी विचारलंच नाही. मी लग्नानंतर नवव्या दिवशी बोलले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला वर्ष लागलं होतं!"

माझी सून मात्र बावीस वर्षं "हो आई, बरं आई". मी काय कमी प्रयत्न केले? भाजीला नावं ठेवली, माहेराला ठेवली. ढिम्म. शेवटी कंटाळून पदक म्युझियमच्या काचेत ठेवायला हो म्हटलं.

परवा मुलगा कापसाची डबी घेऊन आला. मी पदक काढणार, तेवढ्यात सून ओल्या हातांनी बाहेर आली.

"आई, ते कुठेही जाणार नाही. इतकी वर्षं तुमच्या मानेला तेल मी चोळते, मला विचारलंत?"

मुलगा म्हणाला, "अगं, हा मोठा ठेवा आहे—"

"तुम्ही मध्ये पडू नका. आणि आई, तुमचा हट्ट आता पुरे!"

इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

५. म्हणून पदक सुनेला. मी मेल्यावर नाही, ही सही झाली की लगेच. सोळावी रेघ तिने स्वतः कोरावी. म्युझियमला फोटो द्यावा. पुस्तकाचं काय करायचं ते मुलाने बघावं. सुनेला एवढंच सांगणं, उलटून बोलणं एकदा पुरतं, रोजची सवय लावून घेऊ नये.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: अकरा, सोमवार
सही: किल्लीवाली

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी २. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई

ता.क. मुलगा-सून दोघांना वाचून दाखवलं. सून म्हणाली, "ते मी ठरवीन."