जाड कवचाची अंडी

मंगळवार, ९ सप्टेंबर

डबकं भरलं! अखेर भरलं मेलं. काल दुपारी ढग आला, तासाभरात सगळं ओतून गेला, आज पुन्हा ऊन नुसतं भाजतंय. पण रस्त्याकडेच्या खडकातल्या खळग्यात गुडघाभर पाणी आहे. गढूळ, पिवळट, घाणेरडं. ह्याच घाणीसाठी मी इतकी वर्षं या ओसाडीत दोन खोल्यांचं केंद्र आणि एक पाण्याची टाकी सांभाळत बसलेय.

आणि नेमका आत्ताच दादा इथे आहे. कपाळ माझं!

"चिमे, पाणी आलं की गं!" म्हणे. पन्नाशीच्या बाईला चिमे. आणि तोरा असा, की जसा काही यानेच वरचा नळ सोडला. जन्मभर पाणी खात्यात व्हॉल्व्ह फिरवले, त्यामुळे जगातलं सगळं पाणी आपल्याच अखत्यारीत आहे असं वाटतं त्याला.

समोर बसवून नियम सांगितले. डबक्यात पाय घालायचा नाही. हात बुडवायचा नाही. माझ्या जाळ्यांना शिवायचं नाही. बाहेरचं काहीही आत जाता कामा नये — थेंबसुद्धा नाही. "बरं बाई," म्हणाला. त्याने "बरं बाई" म्हटलं की समजावं, एक अक्षर डोक्यात शिरलेलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

उठल्या! सकाळच्या पहिल्याच थेंबात मायक्रोस्कोपखाली दिसल्या. माझ्या चक्रीवाल्या. डोक्यावर केसांची गोल झालर, ती अशी गरागरा फिरवतात की पाण्यात भोवरा होतो आणि खाणं आपोआप तोंडात जातं. सुईच्या टोकावर डझनभर मावतील.

इतकी वर्षं त्या वाळलेल्या मातीत अंडी होऊन पडून होत्या. जाड कवचाची अंडी. ऊन, वारा, थंडी, कशाने मरत नाहीत. पण मागच्या पावसाला डबकं घाईने आटलं, नवी जाड अंडी पडलीच नाहीत. जी जुनी शिल्लक होती, तीच आज उठली. आता खाली काही उरलेलं नाही, मी माती तपासलीये. या खेपेला त्यांनी जाड अंडी घातली नाहीत, तर पुढच्या पावसाला इथे नुसता चिखल होणार. आणि ही जात आजवर दुसऱ्या कुठल्याच डबक्यात सापडलेली नाही. संपली म्हणजे संपली.

दादाला हे सांगितलं. म्हणाला, "मग जेवायला काय करतेस?"

शनिवार, १३ सप्टेंबर

डबक्यात कत्तल चालू आहे. एक चपटी अळी आलीये, ती दिसेल त्याला गिळते. कोळंबीची पिल्लं चक्रीवाल्यांना खातात, चक्रीवाल्या त्याहून बारक्यांना खातात. कोणाला कोणाची दयामाया नाही. सगळ्यांना घाई. बघायला बरं वाटतं.

दादाचा हट्ट, मलाही दाखव. दाखवलं. डोळा लावून बसला तो उठेचना. "यात बाप्ये कुठले?" विचारलंन. म्हटलं, बाप्ये नाहीतच. सगळं बरं चाललेलं असतं तोवर बायकाच बायकांना जन्म देतात, साध्या पातळ अंड्यांतून. पाणी आटायला लागलं, गर्दी झाली, की मगच पुरुष जन्माला येतो. त्याला ना तोंड, ना पोट. येतो, आपलं काम करतो, मरतो. तेव्हा कुठे जाड अंडी तयार होतात.

"तोंडच नाही?" दादा.

"नाही. निसर्गाने एकदा तरी डोकं वापरलं."

हसला. त्याला काही लागतच नाही! इतका कसा निर्लज्ज असतो माणूस?

रविवार, १४ सप्टेंबर

माझ्या जाळीवर बनियन वाळत घातलंन. बनियन! 

मंगळवार, १६ सप्टेंबर

पाणी उतरतंय. डबक्यात खुणेची काठी रोवलीये, तिच्यावर रोज खूण करते. हवं तसंच उतरतंय. दादा मात्र काठावर बसून उसासे टाकतो. सकाळी उठला की चपला अडकवून तिकडेच. आज म्हणाला, "एक बादली टाकू का गं? जीव तगमगतो बघून. टाकीत आहे की पाणी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा पहिल्यापासून समजावलं. अरे, आटणं हाच त्यांना निरोप असतो! दाटी झाली की त्यांना कळतं, दिवस भरत आले, आता जाड अंडी घाला. वरून पाणी ओतलंस तर दाटी विरळ होणार, त्यांना वाटणार अजून चैन आहे, की पुन्हा पातळ अंडी घालत बसणार. आणि डबकं सुकलं की ती सगळी जळून जाणार. तुझी माया म्हणजे त्यांचं मरण!

"म्हणजे हाल झाले तरच शहाण्या होतात?"

"हो."

"तुझ्यावर गेल्यात." आणि वर म्हणतो, "तू मला पाण्यात बघतेस चिमे, लहानपणापासून."

पाण्यात बघायला माझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे म्हटलं.

चार दिवस राहतो म्हणून आला होता. चार दिवस कधीच उलटले. मुलाकडे याचं अंथरूण गॅलरीत असतं, सून जेवायचं ताट दारात ठेवते. मला ठाऊक आहे. तो सांगत नाही, पण ठाऊक आहे. म्हणून अजून जा म्हटलेलं नाही. पण घोरणं! पण ते खाकरणं! पण सकाळी उठून माझ्याच नळाचा वॉशर कसा चुकीचा बसवलाय यावर व्याख्यान!

गुरुवार, १८ सप्टेंबर

पुरुष दिसले! इवलेसे, बिनतोंडाचे, वेड्यासारखे पळतायत. आणि काही बायकांच्या पोटात गडद ठिपका. तेच. जाड अंडं धरायला लागलंय. अजून कच्चं आहे, पण धरलंय! आणखी चार-पाच दिवस असंच आटू दे. फक्त आटू दे. बाकी काही मागत नाही.

सुखात माशी पडायचीच. साहेबांचा फोन. शहरात बसून हे केंद्र चालवतात, डबकं पाहिलंय एकदा. "मॅडम, शनिवारी वरची मंडळी घेऊन येतोय. नीट दिसलं पाहिजे सगळं. यंदा हाती काही लागलं नाही, तर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल." आवाज असा, की जसा काही हवामानाचा अंदाज सांगतायत. उद्या दुपारी मीच शहरात जीप नेऊन त्या मंडळींना इकडच्या विश्रामगृहावर पोचवायचं. साहेब आपल्या गाडीने थेट इकडे येणार. मी काय ड्रायव्हर आहे?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दिवस पाहुण्यांच्या बॅगा उचलण्यात गेला. एकीने विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? जीप उलटवावी असं वाटलं. परत आले तोवर अंधार पडला होता, डबक्यावर जाता आलं नाही. दादाने टँकरवाल्याकडून टाकी भरून घेतली म्हणे. "काठोकाठ!" एवढ्याशा कामाची केवढी ती फुशारकी.

शनिवार, २० सप्टेंबर

ओतलं. कोणीतरी पाणी ओतलं.

सकाळी साहेब आणि पाहुण्यांना घेऊन डबक्यावर गेले, तर खुणेची काठी बुडालेली! स्वच्छ, चमचमतं पाणी. जवळ गेले तर औषधाचा वास. आमच्या टाकीतल्या पाण्याला येतो तोच. पाहुणे फोटो काढतायत, छान छान म्हणतायत. काठावर चिखलात दादाच्या चपलांचे ठसे.

मी ओरडले. होय, पाहुण्यांसमोर ओरडले. "कोणी ओतलं हे?" त्यांच्यातल्या जाड भिंगाच्या चष्मेवाल्याने साहेबांना विचारलं, काय झालं? मीच सांगितलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग ज्याने ओतलं त्याला इथे ठेवता कामा नये." साहेब लगेच, "अर्थात, अर्थात."

दादा मागे उभा होता. माझ्याकडे बघितलंन. मग साहेबांकडे. मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्याकडूनच झालं. चुकलं."

बस्स. एवढंच! जन्मभर तोंडाचा पट्टा चालू, आणि आज तीन शब्दांत आटोपलंन. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, म्हातारं माणूस." म्हातारं माणूस! माझं इतक्या वर्षांचं काम एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याने बादलीने बुडवलं, आणि हे म्हणतात जाऊ द्या.

घरी आल्यावर म्हटलं, उद्याच्या गाडीने निघायचं. "बरं बाई," म्हणाला.

रविवार, २१ सप्टेंबर

गेला. बस थांब्यावर सोडलं.  उतरताना "तब्येत सांभाळ" म्हणाला. मी गाडी वळवली. मुलाला फोन केलाय का, घ्यायला कोणी येणार आहे का, विचारलं नाही. का विचारावं? मला कोणी विचारलं होतं?

खोली केवढी शांत आहे. हेच हवं होतं मला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पुरुष नाहीसे झाले. पोटांतले गडद ठिपकेही गेले. निम्म्या तर त्या औषधाच्या पाण्याने मेल्याच, उरलेल्या मजेत पातळ अंडी घालतायत. मूर्ख! मूर्ख बायका! अगं, ही चैन खोटी आहे! मायक्रोस्कोपवर ओरडत होते मी. बरं झालं, ऐकायला कोणी नव्हतं.

दुपारपासून गरम वारा सुटलाय.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आटलं. वाऱ्याने दोन दिवसांत चाटून नेलं. तळाला चिखलाची साय, तिला आत्ताच भेगा पडतायत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दिवसभर माती धुऊन, गाळून, थेंबथेंब करून बघितली. मधली, काठची, खडकाच्या सावलीतली. डोळे चुरचुरतायत. पातळ अंड्यांची नुसती टरफलं. जाड एक नाही. एकही नाही.

संपली जात. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच सख्ख्या भावाने. आईला सांगायला हवं होतं — घे, हा तुझा लाडका. पण आईही नाही. कोणावर ओरडू? भिंतीवर?

त्याने बदलून दिलेला वॉशर खरंच चांगला बसलाय. नळ गळत नाही. म्हणून आणखी राग येतो.

रविवार, २८ सप्टेंबर

टँकरवाला आला. टाकी भरली, पाइप गुंडाळला, आणि जाता जाता म्हणतो कसा, "मॅडम, थोडं उरलंय. त्या दिवशीसारखं डबक्यात सोडून जाऊ का?"

मी म्हटलं, कुठल्या दिवशीसारखं?

"ते शुक्रवारी हो. मी निघालो होतो, रस्त्यात साहेबांची गाडी भेटली. त्यांनीच थांबवलं. म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, डबक्यात पाणी दिसू दे जरा. अर्धा टँकर सोडला मी. तुमचे भाऊ घरीच राहिले होते, त्यांना नाही सांगितलं का साहेबांनी?"

 

साहेबांना फोन केला. नाकारायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत त्या माणसाने! "अहो मॅडम, चिखलाचे फोटो काय काढायचे? थोडंसं पाणी ते. एवढं होईल मला काय माहीत? मी सांगणारच होतो, पण तुमचे बंधू स्वतःच कबूल झाले, मग म्हटलं कशाला वाढवा." आणि हसला. हसला! तोंडात येईल ते बोलले. जागा गेली तर गेली खड्ड्यात. फोन आपटला.

पण दादा? त्याने बादलीला हातही लावला नव्हता. टँकरवाल्याने डबक्यात पाणी सोडलं तेव्हा हा इथे घरात होता, त्याला पत्तासुद्धा नव्हता. मग चुकलं का म्हणाला? कोणाला घाबरला? का माझी जिरवायची होती? काही केल्या डोक्यात शिरत नाही. संध्याकाळपासून फोन हातात घेते नि खाली ठेवते.

सोमवार, २९ सप्टेंबर

केला फोन. सरळ विचारलं, "तू ओतलं नव्हतंस, तर माझ्याकडूनच झालं असं का म्हणालास?"

 मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. म्हणाला, "अगं, म्हणजे तूही नाही ओतलंस? मला वाटलं, तुलाच बघवलं नाही, रात्रीत ओतलंस नि साहेबांसमोर ओरडून झाकतेस. तो चष्मेवाला म्हणत होता ना, ज्याने ओतलं त्याला ठेवू नका. तुझी नोकरी गेली असती, चिमे."