बारा सत्ते

तीर्थरूप वन्संना साष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्यांना उतार पडावा, हे रोज देवापाशी मागते.

पार्सल पोचले. टेपरेकॉर्डर एक, मन शांत करणाऱ्या कॅसेटी तीन, खुळखुळा एक. हमालीचे आठ पडले (मागत नाही, वहीत आहेत म्हणून लिहिले).

अर्धांगाच्या झटक्याने ह्यांची वाचा जाऊन चार महिने झाले, म्हणून संगीताने गुण येतो हे आपले म्हणणे मी मनावर घेतले. पहिली कॅसेट समुद्राच्या लाटांची निघाली. तिच्यापायी ह्यांना दर दहा मिनिटांनी मोरीकडे न्यावे लागले आणि वरची शेजारीण, ‘अहो, नळ बंद करा की!’ म्हणून खाली आली. दुसरीने मलाच डुलकी लागून भाजी करपली (पातेले अजून घासते आहे). तिसरी लावलीच नाही. वीज काही फुकट येत नाही. मग मी स्वतः भजने म्हटली, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड केले.

बोलणे शिकवणाऱ्या बाई येतात. त्या म्हणाल्या, बोलून न येणारे शब्द पुष्कळदा चालीवर येतात; ह्यांना लहानपणापासून काय पाठ आहे? देवाचे एक अक्षर पाठ नाही, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाठ काय, तर आपण घोकून घेतलेले पाढे! बाईंनी ‘बे एके बे’ लावले आणि वन्सं, ह्यांनी ‘बे दुणे चार’ म्हटले! देवाला हात जोडायला धावले ती उंबऱ्याला अडखळले.

आता सगळा संसार पाढ्यावर चालतो. ‘चहा एके चहा, चहा दुणे साखर’ सुरू झाले की दाहेपर्यंत थांबणे नाही. तोवर चहा निवतो. पण चाल सोडून एक शब्द फुटत नव्हता. नुसते साधे ‘अगं’ म्हणावे, एवढीच माझी आस होती.

काल बाराचा पाढा चालला होता. ‘बारा सत्ते ब्याऐंशी,’ म्हणाले. मॅट्रिकला माझे गणित चांगले होते, राहवले नाही. म्हटले, ‘चौऱ्याऐंशी हो!’ त्यावर हे कडाडले, ‘अगं, गप बस! मोठी आलीस मास्तरीण!’ चाल नाही, ठेका नाही, सहाच्या सहा शब्द सरळ! मी पदर तोंडाला लावून रडले. ह्यांना वाटले, मी दुखावले.

आपला लोभ आहेच.

आपली भावजय

ता. क. टेप पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ठेवून घेते. खुळखुळा शेजारणीच्या नातीला दिला.

ता. क. आज सकाळपासून पुन्हा पाढेच. मी मुद्दाम तीनदा बरोबर पाढ्यात चूक काढली, भाजीत मीठ घातले नाही, चष्मा लपवला. तरी चिडत नाहीत, वर माझ्याकडे बघून हसतात. आपण त्यांना लहानाचे मोठे केलेत. तेव्हा ते कशाकशाने चिडत, ते एकही न वगळता उलट टपाली कळवावे.