दोन चापांची बंदूक

प्रिय मार्या,

फोनच केला असता, पण तुझे बाबा फोनच्या शेजारच्या खुर्चीतच बसलेले असतात आणि बंदुकीचा विषय काढला की तू फोन ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. सरळच सांगते, ओरडू नकोस. मी तुझ्या बाबांसाठी बंदूक बघतेय. दुनळी. शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, तित्तराच्या शिकारीची, आणि आपल्या खिशाला झेपेल अशी. डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे. तू कपाटातल्या सगळ्या बंदुका गाडीत घालून तुझ्याकडे, ग्रीन बे शहरात घेऊन गेलीस तेव्हा दार मीच धरून उभी होते. तरी बघतेय. का बघतेय ते माझ्याच डोक्यात नीट बसत नाहीये, लिहिता लिहिता बसेल असं वाटतंय.

इकडे पॉपलच्या झाडांची पानं पिवळी पडली, मोसम सुरू झाला, आणि आपल्या घरात रोज सकाळी तोच प्रकार. त्यांना काल काय जेवले ते आठवत नाही, पण तित्तरांचे दिवस आलेत हे बरोबर कळतं. उठतात, बूट चढवतात, नारिंगी टोपी घालतात, कपाट उघडतात. कपाट रिकामं. मग माझ्याकडे बघतात. "ऐली, माझी बंदूक कोणी नेली गं?" मी काय सांगू? एकदा म्हटलं दुरुस्तीला दिलीय, एकदा म्हटलं तूच कुठे ठेवलीस बघ. दोन्ही वेळा माझीच मला लाज वाटली. मग ते बागेतली कुदळ घेतात, दांडा हाताच्या वळणात टाकतात आणि अंगणात जाऊन उभे राहतात. टेसी बिचारी शेपटी ताणून त्यांच्यापुढे उभी. कुत्री आहे ती, तिला कुदळ कळते, तरी उभी राहते. मागच्या आठवड्यात दोघं तसेच लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याने निघून गेले. शेजारच्या रॉयला ते ओढ्यापाशी सापडले. थंडीने ओठ निळे पडलेले, आणि रॉयला म्हणतात कसे, "आज पक्षी उठतायत, पण मला नेम धरायला काही नाही." रॉयने मला बाजूला घेऊन सांगितलं, ऐली, हा माणूस जंगलात जाणारच आहे, तू ठरव एकटा जाऊ द्यायचा का कुणाबरोबर.

आता त्या दुसऱ्या बंदुकीबद्दल. आजोबांच्या. तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही, पण मार्चपासून तू घरी आलेली नाहीस ते त्याच्यामुळेच, हे काय मला कळत नाही? ती तुझी होती. तुझ्या बाबांनीच तुला सांगून ठेवलं होतं. आणि मग, तू बाकीच्या बंदुका न्यायच्या आधीच, शिकारी क्लबच्या जेवणाला यांनी ती आपल्या हाताने नेऊन सोडतीच्या टेबलावर ठेवली. दरवर्षी कुणी ना कुणी काहीतरी देतंच, म्हणून लोकांना वाटलं, काय दिलदार माणूस, उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात केक कापत होते, मला टाळ्याच ऐकू आल्या. बाहेर येऊन बघते तर हे स्वतःच सोडतीची तिकिटं घेतायत, आणि नंबर लागला नाही म्हणून तोंड पाडून बसलेत! बाई गं, हसू का रडू तेच कळेना. ज्याला लागली तो परगावचा, महिन्याभरात त्याने विकूनही टाकली. तू म्हणालीस, बाबांना तेव्हा सगळं कळत होतं, तुला न देण्यासाठीच दिली. मी शपथेवर सांगत नाही, कारण त्या दिवसांत किती कळत होतं आणि किती नाही हे मलाही माहीत नाही. पण तो चेहरा मी पाहिलाय. तो मुलीवर राग काढणाऱ्याचा चेहरा नव्हता.

तर मी डेलच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं शिकाऱ्याच्या घरात काढली, पक्षी सोलले, पिसं झाडली, पण बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही हे तिथे गेल्यावर कळलं. डेल विचारतो, बारा बोअर की वीस? मी म्हटलं, आमची सोळा होती. तो म्हणतो, सोळाची काडतुसं शोधताना म्हातारी होशील. मी म्हटलं, ते काम झालंय. मग म्हणे दस्ता सरळ हवा की मुठीचा, रिकामी काडतुसं आपोआप उडणारी हवीत की हाताने काढायची, नळ्यांची तोंडं किती आवळलेली, एक चाप की दोन. रशियन आहे, स्वस्त आहे, पण जड, नुसता लोखंडी खांब. तुर्की नवीकोरी आहे, चकचकीत, एक चाप, सहाशे डॉलरच्या आसपास. जुनी अमेरिकन घेशील तर स्वस्तात मिळेल, पण आजची काडतुसं घातलीस तर हात जाईल. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, देवा, यापेक्षा चष्मा घेणं सोपं.

बरं, एकाने सांगावं आणि मी ऐकावं तर तेही नाही. रॉय म्हणतो, तुर्कीला हात लावू नकोस, दुसऱ्या मोसमात खुळखुळते. त्याचा भाऊ म्हणतो, रॉयला काय कळतंय, तो तर तित्तर जमिनीवर बसलेला मारतो. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला लॉरीन सगळ्यांसमोर म्हणाली, "आमची ऐली या वयात शिकारीला निघालीय, आता आपल्याला पाव कोण आणणार?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. कारण डेलने विचारलं, कुणासाठी, तेव्हा मी पटकन म्हणून गेले होते, माझ्यासाठी. खरं सांगितलं असतं तर त्याने दारच दाखवलं असतं, आणि त्याचं चुकलंही नसतं.

शेवटी मी एक वेडेपणा केला. कुत्रीचं खाणं आणायचंय असं सांगून यांनाच दुकानात घेऊन गेले. डेल जरा बावरला, मग मला म्हणाला, "हां, तुझ्यासाठी बघून देतील, चांगलंय." तुर्की पुढे केली. यांनी घेतली, खांद्याला लावली, आणि त्यांचं बोट चापावरून मागे सरकलं. दुसरा चाप शोधत होतं, मार्या! तो नव्हताच. बोट तिथे दोन-तीनदा चाचपडलं आणि मग त्यांनी ती बंदूक काउंटरवर ठेवली आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आणखी काहीतरी आपण विसरलो. मी म्हटलं, तू विसरला नाहीस रे, हिला एकच आहे, हिचंच चुकलंय.

मग कोपऱ्यातल्या मोडीतून त्यांनी स्वतःच एक उचलली. जुनी स्पॅनिश, सडसडीत, दोन चापांची. खट्कन उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, उघडीच हाताच्या वळणात टाकली आणि ताठ उभे राहिले. खरंच ताठ, पाठीत बाक असलेला माणूस! आणि डेलला म्हणाले, "उजवी नळी मोकळी असेल तर झुडपांत बरी पडते. माझी पोरगी डावरी आहे, तिच्यासाठी दस्ता वाकवून मिळेल का?" त्यांना वार सांगता येत नाही, पण तू डावरी आहेस हे ते विसरलेले नाहीत. डेलने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं बंदूक माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी आहे हे त्याला तिथेच उमगलं. त्याने यांना कॉफी प्यायला पलीकडे बसवलं आणि मला हळूच म्हणाला, ऐली, ही विकायची नाहीये. दस्त्याला मुठीपाशी आरपार तडा आहे, नळ्या आतून गंजून खड्डे पडलेत. हिच्यात काडतूस घालणं म्हणजे जीवाशी खेळ. सुट्या भागांसाठी ठेवलीय, एका जेवणाच्या पैशात घेऊन जा, पण उडवायची नाही.

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. इतके दिवस मी सगळ्यांना चांगली उडणारी बंदूक विचारत फिरत होते, आणि मला हवी होती न उडणारी! डेलला सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं, दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, काडतुसावर आपटणाऱ्या आतल्या पिना काढून टाकतो, नळ्या आतून बुजवतो, दस्त्याला पट्टी मारतो. चाप ओढला तर टक् वाजेल, बाकी काही नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, पुरती निकामी करून घ्या, खरं काडतूस घरात नको, आणि ते एकटे नकोत. मी अजून पैसे दिलेले नाहीत. डेलने ती मागे टांगून ठेवलीय.

आता माझा खरा गोंधळ ऐक. हे फसवणं आहे का? ज्या माणसाने मला आयुष्यात कधी फसवलं नाही, त्याच्या हातात मी खेळणं देऊ? एखादी सकाळ त्यांची चांगली असते, डोळे लख्ख असतात. त्या सकाळी कळलं तर? कधी वाटतं, देऊ नये, खिडकीशी बसवावं, गोळ्या द्याव्यात, हिवाळा येईल आणि विसरतील. मग ते कुदळ घेऊन उभे राहतात आणि मला वाटतं, हिवाळ्याची वाट कुणासाठी बघायची? पुढच्या मोसमात त्यांना तित्तर तरी आठवेल का? हाच शेवटचा मोसम आहे, मार्या. मला तो त्यांना द्यायचाय. बरोबर की चूक ते तू सांग, माझं डोकं चालत नाही.

पण नुसती बंदूक देऊन भागत नाही, म्हणून हे पत्र. टेसी झुडपापाशी थबकेल, पक्षी फडफडत उठेल, ते बंदूक खांद्याला लावतील, चाप ओढतील, आणि नुसतं टक्. पक्षी निघून जाईल. एकदा चालेल, दोनदा चालेल, मग त्यांना कळेल. तिथे त्यांच्या शेजारी कुणीतरी हवं, त्याच क्षणाला खरी बंदूक झाडणारं, म्हणजे पक्षी आपणच पाडला असं त्यांना वाटेल. शिकाऱ्याला पक्षी समोर असताना खांद्याला बसणारा बंदुकीचा धक्का जाणवत नाही, हे तेच सांगायचे. रॉय येईन म्हणतो, पण रॉयला उडता पक्षी लागत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुला लागतो. म्हणून तू ये. आजोबांच्या बंदुकीचा राग तसाच राहू दे, तो सोड असं मी म्हणत नाही, रागावलेलीच ये. आणखी एक गोष्ट, सांगावी की नाही ते अजूनही कळत नाहीये, पण लिहून टाकते. तुझा पहिला तित्तर, ज्याची पिसं तू वर्षभर टोपीत खोचून फिरलीस, तो पडला तेव्हा तुझे छर्रे पक्ष्याच्या पार वरून गेले होते. त्यांनी तुझ्याबरोबरच झाडली होती, आणि दोघांनी एकदम झाडलं की चांगल्या नेमबाजाने समोरच्याला पक्षी द्यायचा, या इकडच्या रीतीने म्हणाले होते, "तुझा." त्या संध्याकाळी सौनाच्या वाफेत बसून मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. तू शनिवारपर्यंत कळव, म्हणजे मी डेलकडे जाईन. आणि पक्षी पडला की आधी बोलायला विसरू नकोस, तूच म्हण, "बाबा, तुमचा."

तुझीच, वाट बघणारी,
आई