तळ्याकाठचा जबाब

ता. २८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका लाल शाईने गोल करून परत पाठवल्यास, त्याही पोचल्या. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासून तुझं समाधान झालेलं दिसत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मी लिहितो, तर निदान ऱ्हस्व-दीर्घाची सूट दे.

बातमी अशी की मला तळ्यावरच्या मासेमारी क्लबाचं सभासदत्व मिळालं. हसू नकोस. लहानपणी खाणीच्या डबक्यावर काठीला दोरा बांधून बसायचो, तेच आता कार्ड गळ्यात अडकवून करायचं. इथे मासा पकडायचा, मोजायचा आणि पाण्यात परत सोडायचा. मग पकडायचा कशाला, असं तू विचारणारच. सहा दिवस बस चालवणाऱ्या माणसाला एक दिवस तरी कुठलाच स्टॉप नसलेल्या जागी बसायला मिळावं म्हणून, असं समज.

सोबत आमच्या डेपोतला वेल्डर असतो. त्याचा देश वेगळा, भाषा वेगळी. आम्ही दोघं इथल्या भाषेत बोलतो आणि दोघंही ती मोडकीतोडकी बोलतो, त्यामुळे कुणालाच लाज वाटत नाही. दोन वर्षं आम्ही सार्वजनिक काठावर, गवतात बसून गळ टाकला. खोल पाणी आणि मोठे मासे क्लबाच्या लाकडी धक्क्यापाशी. तिथे बसायला दोन सभासदांच्या सह्या लागतात. आम्हाला सोळा महिने कुणी सही दिली नाही. मग नवीन सेक्रेटरीबाई आल्या, निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी स्वतः सही केली आणि दुसरी कुणाकडून तरी करवून घेतली.

हे सगळ्यांना रुचलेलं नाही. फाटकाजवळ दोन पाट्या आहेत. सुस्वागतम् लिहिलेली पाटी एकाच भाषेत, इथल्या. मासे चोरल्यास दंड होईल ही पाटी पाच भाषांत. त्यात वेल्डरची भाषा आहे, आपली नाही. मी त्याला म्हटलं की आम्हाला अजून चोराच्या पदावर बढती मिळायची आहे. तो पोट धरून हसला. पण एकाच सकाळी तीन-तीन वेळा कार्ड मागतात, आणि फक्त आमचंच, तेव्हा हसू येत नाही. मागणारा आमच्या ड्यूटीसाहेबांचा मुलगा, असेल पंचवीसेक वर्षांचा. ड्यूटीसाहेब म्हणजे डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावणारे. मला कायम करायच्या कागदांवर जूनमध्ये सही त्यांचीच व्हायची आहे. नोकरी कायम झाली नाही तर इथे राहायचा परवानाही जातो. म्हणून मी तीनदा कार्ड दाखवतो आणि तीनदा आभार मानतो. वेल्डर पहिल्यांदाच दाखवतो, नंतर पाठ फिरवून बसतो. त्याच्या अशा वागण्याचं मला भय वाटतं.

तब्येत सांभाळ. लाल शाई संपली तरी माया संपू देऊ नकोस.

तुझा
टिल्लू


ता. ८ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे, तेव्हा ह्यांना लिहिताना माझं नाव काढू नका.

परवा रविवारी हे पहाटे वेल्डरभावजींबरोबर तळ्यावर गेले ते आठलाच परत आले. एकटेच. पायातले बूट कोरडे, आणि ते न काढताच सरळ स्वयंपाकघरात येऊन बसले. भावजी धक्क्यावरून पाण्यात पडले, एवढंच बोलले. पुढचं मला माझ्या कामावर कळलं. मी इस्पितळाच्या लाँड्रीत असते हे तुम्हाला माहीत आहे. वॉर्डातल्या चादरी न्यायला आलेल्या बाईनं सांगितलं की खांबावर आपटून खांदा मोडलेला एक माणूस आलाय आणि तो म्हणतोय की मला ढकललं.

काल पोलीस घरी आले होते. ह्यांनी सांगितलं की धुकं होतं, काही दिसलं नाही. पोलीस लिहून घेऊन गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. वन्सं, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बसमध्ये स्टॉपची नावं सांगणारं यंत्र बोलतं ना, तसा.

गळाच्या काठ्या कपडे धुण्याच्या मशिनमागे उभ्या करून ठेवल्या आहेत. काल गाडी चालवताना दोन स्टॉप न थांबता पुढे निघून गेले, माणसं ओरडली तेव्हा भानावर आले. मी विचारलं की विषय बदलतात. तुम्हाला मात्र ते अजून घाबरतात. तुमच्या पद्धतीनं विचारून बघा.

आम्हा दोघांवर तुमचा हात असाच असू द्या.

आपली
वहिनी


ता. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इथे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळवावी.

गेल्या रविवारी तळ्यावर एक अपघात झाला. सकाळी दाट धुकं होतं. वेल्डर माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. एकदम पाण्यात काहीतरी पडल्याचा मोठा आवाज झाला. त्या आवाजाने पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. मी वळून पाहिलं तेव्हा वेल्डर पाण्यात होता. त्याच्या उजव्या खांद्याला दुखापत झाली आहे. कुणी ढकललं की पाय घसरला, हे मला सांगता येत नाही. तसं मी पोलिसांना कळवलं आहे.

हवा चांगली आहे. काळजी नसावी. आहे तो स्नेह कायम असावा.

तुझा
टिल्लू


ता. १९ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं दहा तारखेचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एकही चूक नाही. इतका स्वच्छ मजकूर तू जन्मात लिहिला नाहीस. अडतीस वर्षं मी हेच काम केलं आहे. माणूस एकच मजकूर पाच-सहा वेळा लिहून काढतो, तेव्हाच तो असा उतरतो.

आता दुसरी गोष्ट. दाट धुक्यातून तुला पलीकडच्या काठावरचा बगळा उडालेला दिसला. आणि दोन हातांवरचा माणूस दिसला नाही?

रागावून लिहीत नाही. तू शूर व्हावंस असंही माझं म्हणणं नाही. घटना घडायच्या आधी मला विचारलं असतंस तर गप्प बस, कागदावर सही होऊ दे, असंच मी म्हणाले असते. मी काही फार वेगळी नाही, आणि ते कसं ते आज सांगते. आपल्या घरात हे कुणालाच माहीत नाही.

छापखान्यात कागद कापायच्या यंत्रात एका कामगाराचं बोट गेलं, ते तुला आठवत असेल. त्या यंत्राचं झाकण काढून ठेवा, काम लवकर उरकतं, असं मॅनेजरनं माझ्यासमोर त्याला सांगितलं होतं. चौकशीत मला विचारलं. मी सांगितलं की मुद्रितं वाचताना मला दुसरं काही ऐकू येत नाही. तेव्हा माझे कान ठणठणीत होते, टिल्लू. चूक त्याच्या माथी मारून त्याला कामावरून काढलं. तो अजून मला बाजारात दिसतो. बाई बऱ्या आहात ना, असं चार बोटांचा हात वर करून विचारतो. मी त्याला लांबून बघितलं की पलीकडच्या फुटपाथवर जाते. सव्वीस वर्षं झाली.

काय करायचं ते तू ठरव. फक्त मला असं बिनचूक पत्र पुन्हा पाठवू नकोस.

वहिनीला आशीर्वाद. जीव तुमच्यापाशीच आहे, एवढं ध्यानात ठेवा.

तुझी
ताई


ता. २८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. डेपोच्या कँटीनमध्ये उघडलं आणि बगळ्यापाशी येऊन मिटलं. पुढचं घरी वाचलं.

मला सगळं दिसलं होतं.

ड्यूटीसाहेबांच्या मुलानं कार्ड मागितलं. त्या सकाळची ती दुसरी खेप होती. वेल्डर म्हणाला की गेल्या आठवड्यात होतं तेच कार्ड आहे, आणि आता तुझं दाखव बघू, मीही सभासद आहे. मुलगा हसला. मग आमच्यासारख्यांसाठी इथे एक शब्द आहे तो बोलला. तो मी आपल्या लिपीत लिहिणार नाही. वेल्डर त्याच्याकडे पाठ करून वाकला, घडीची खुर्ची सरळ करत होता. मुलानं दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर टेकवले आणि ढकललं. राग आल्यासारखं नाही. दार ढकलावं तसं.

मी उभा राहिलो. मला पोहता येतं हे तुला माहीत आहे, तूच शिकवलंस. तरी उभा राहिलो. वेल्डर पाण्यातून वर आला, एका हातानं खांब धरला. मी मासा काढायची जाळी त्याच्यापुढे केली. त्यानं ती धरली नाही. खांबाच्या आधारानंच वर आला. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की बाबांकडे तुमचे कागद आहेत ना. बस्स, इतकंच.

आज ड्यूटी संपवून पोलीस चौकीत गेलो. तुझी वहिनी लाँड्रीच्या गणवेशातच बरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. अधिकाऱ्यानं विचारलं की बावीस दिवस काय करत होतात. मी म्हटलं, घाबरलो होतो. कुणाला, असं विचारलं. मी म्हटलं, कागदाला. त्यानं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मग तेही लिहून घेतलं. सही करताना अक्षर इतकं वाकडं आलं की पुन्हा करायला लावली.

परत येताना वहिनी म्हणाली की परवाना गेलाच तर सामान चार बॅगांत मावेल, तिनं मोजून ठेवलंय. मला वाटलं होतं ती रडेल.

वेल्डरला तोंड दाखवायचं अजून राहिलंय. ते चौकीपेक्षा अवघड आहे. आशीर्वाद पाठव, या वेळी जरा जास्तच.

तुझा
टिल्लू


ता. ८ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

या पत्रात सात चुका होत्या. एकीलाही मी गोल केलं नाही.

वेल्डरकडे जा, आणि लवकर जा. माफी मागायला गेलास तर त्याच्यावर माफ करायचं ओझं पडतं. झालं ते सांगून ये, बाकीचं त्याच्यावर सोड.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बाजारात तो छापखान्यातला कामगार दिसला. मी फुटपाथ बदलला नाही. पुढचं नंतर लिहीन, आज हात चालत नाही.

वहिनीला सांग, बॅगा पुन्हा माळ्यावर टाक. देवदया झाली तर लागणार नाहीत. दोघांनी या म्हातारीला विसरू नये.

तुझी
ताई


ता. २४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. हातात सांगण्यासारखं काहीतरी येऊ दे म्हणून थांबलो होतो.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात वेल्डरकडे गेलो. त्यानं डाव्या हातानं दार उघडलं, उजवा गळ्यात बांधलेला. मी उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला की त्याला माहीत होतं. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा पहिला चेहरा माझाच दिसला, आणि सगळं बघितलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते त्याला कळतं. पोलिसांनी साक्षीदार विचारला तेव्हा त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं, कारण माझ्या कागदांचं त्याला ठाऊक होतं. मी आपणहून सांगतो की नाही, एवढंच तो बघत होता. आणि बावीस दिवस लागले, तेही त्यानं मोजले होते. मग दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. जिन्यात मी किती वेळ बसलो ते आठवत नाही.

इकडे ड्यूटीसाहेबांनी मला तुटक ड्यूटी दिली. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधला दिवस डेपोच्या बाकावर. तक्ता नुसता पुढे सरकवायचे. क्लबात काही जणांनी ठराव आणला की आमच्यासारख्यांना धक्क्यावर बसू देऊ नये, आमच्याच सुरक्षिततेसाठी. तो शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. सेक्रेटरीबाईंनी मला उभं राहून काय बघितलं ते सांगायला लावलं. मी सांगितलं, जाळीसकट. सत्तरेक माणसं होती. ठराव आठ मतांनी पडला. आठच. म्हणजे आम्ही तिथे नकोत असं हात वर करून म्हणणारी तीस-बत्तीस माणसं कोण, ते मला आता चेहऱ्यानिशी ठाऊक आहे, आणि दर रविवारी त्यांना नमस्कार करायचा आहे. पाट्या अजून तशाच आहेत.

कोर्टात मुलगा दोषी ठरला. तळ्यावर दोन वर्षं बंदी, शिवाय वर्षभर सार्वजनिक सेवा. ड्यूटीसाहेब मागच्या रांगेत बसले होते. निकालानंतर मुलाचा कोट हातात धरून उभे राहिले, अचानक फार म्हातारे दिसले. माझ्या कागदावर त्यांनी सही केली नाही. तो कागद वरच्या कचेरीत गेला आणि तिथून सहा महिन्यांची मुदतवाढ आली. कायम नाही, पण बॅगा माळ्यावर आहेत.

आता परवाच्या रविवारचं. मशिनमागून काठी काढली आणि एकटाच गेलो. वेल्डर धक्क्यावर आधीच आलेला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वर्कशॉपमधून त्याला स्टोअरमध्ये बसवलंय, नटबोल्ट मोजायला. तो डाव्या हातानं गळ फेकायला शिकत होता. पहिला फेकला तो गवतात. दुसरा धक्क्याच्या कठड्याला. तिसरा माझ्या टोपीत. मी सोडवून दिला, त्यानं तो घेतला. मदत करायला मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा त्यानं नुसतं बघून खाली बसवलं. तीन तास आम्ही तसे बसलो. एवढं अवघडलेलं बसणं मी तर परीक्षेच्या बाकावरही केलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला त्याच्या गळाला मोठा मासा लागला. काठी कमानीसारखी वाकली. डाव्या हातानं काठी धरली तर रीळ फिरवायला उजवा लागतो, आणि उजव्यात ताकद नाही. तो त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. शब्द कळला नाही, पण मी पोचलो. काठी त्यानं धरली, रीळ मी फिरवलं. खूप वेळ लागला. दोघांचीही दमछाक झाली. मासा मोजला, हाताएवढा होता, आणि सोडून दिला. तो पाण्यात क्षणभर थांबला, मग गेला.

त्यानं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. सामान आवरून तो निघाला. फाटकापर्यंत जाऊन मागे वळला आणि म्हणाला की पुढच्या रविवारी माझ्या उजव्या बाजूला बस, डाव्या हातानं अजून माझा नेम चुकतो.

तिथल्या बाजाराची हकिकत तू नंतर लिहीन म्हणालीस, ती अजून आली नाही. मी वाट बघतो आहे. आमच्यावरचा जिव्हाळा सांभाळून ठेव.

तुझा
टिल्लू