वल्ह्यासारखे केस

प्रिय खारूताई,

आपल्या झऱ्यात नवा किडा सापडला. पाणीपुरवठा केंद्रामागच्या त्याच झऱ्यात, जिथे आपण डबा खायला बसायचो आणि उठताना तू दर वेळी कपड्यांना चिखल लावून घ्यायचीस. गोड्या पाण्यातला, गाळात राहणारा, गांडुळाचा लांबचा चुलतभाऊ म्हण. नखाएवढाही नाही. अंग आरपार दिसतं आणि आत लाल रक्ताची रेघ हलत असते. ही जात आजवर कुणाच्याच नोंदीत नव्हती. तिचं वर्णन मी लिहून पाठवलं आणि ते छापायचं ठरलंय. बातमी कळली तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच होते. उठून हात धुतले.

तू इथे असतीस तर पहिल्याच दिवशी ओरडली असतीस. मी पडले तुझी गोगलगाय. मला वाटलं, काचेवर कचरा असेल. याच्या भाईबंदांच्या अंगावरच्या बारीक केसांची टोकं दुभंगलेली असतात, याची मात्र चपटी, वल्ह्यासारखी. एकाचीच असती तर सोडून दिलं असतं, पण सगळ्यांची तशीच निघाली. तरी पिल्लावरून जात ठरवता येत नाही, पूर्ण वाढ झालेला लागतो, आणि हे महाशय वयात यायलाच तयार नाहीत! मधूनच दुभागतात आणि दोन्ही अर्धे आपापल्या वाटेने चालू लागतात. सगळा हिवाळा बरणीशी बसून काढला. थंडी ओसरताना एकाच्या अंगावर वयात आल्याचा जाडसर पांढरा पट्टा दिसला, तेव्हा तुझ्या खुर्चीकडे वळून मी मोठ्याने म्हणाले, "अगं, बघ बघ!" खुर्चीवर रिकाम्या खोक्यांची चळत होती.

मग काप काढले, रंगवले, चित्रं केली. परदेशातल्या म्हाताऱ्या तज्ज्ञांना काचा पाठवल्या. ते कुणाचं सहसा मान्य करत नाहीत, ठाऊक आहे ना? त्यांनी लिहिलं, "तुमचं बरोबर आहे. मला हा माहीत नव्हता." घरमालकिणीला सांगितलं तर म्हणाली, "औषध मारा, दोन दिवसांत जातात." आई फोनवर म्हणाली, "बरं झालं हो. जेवलीस का?" तिचं काय चुकलं म्हणा. साहेब तेवढे खूश झाले, पण त्यांनाही कळेना, वर्षानुवर्षं रेंगाळणारी ही बाई एकाएकी एवढी घाई का करतेय. मी म्हटलं, उन्हाळ्यात झरा आटेल. त्यांना पटलं.

नावाचं विचारशील. तू म्हणायचीस, नवी जात सापडली की तिला माझ्या सासूबाईंचं नाव दे, म्हणजे बाई कायमच्या चिखलात! धीर झाला नाही. झऱ्यात राहणारा, एवढ्याच अर्थाचं साधं नाव ठेवलंय. झऱ्यावर मात्र हल्ली मी जात नाही. जिन्यातसुद्धा दोनदा बसावं लागतं, म्हणून शिपाईमामाच गाळ आणून देतात. काम झालं की ते खुर्ची ओढून बसतात, पण आम्ही दोघंही अबोल. चहा संपला की उठतात. तू हे गाव सोडून गेल्यावर पहिलं वर्ष आपण फोनवर किती बोलायचो! नंतर तुझी नोकरी, तुझी मुलं, माझे किडे. भांडण कसलंच झालं नाही. झालं असतं तर निदान मिटवायला फोन केला असता.

आता खरं सांगते. फोनवर हे बोलता आलं नसतं. पोटात गाठ आहे आणि ती चांगली निघालेली नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन. आईला कळवलेलं नाही, या वयात तिला सोसायचं नाही. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "जवळचं कोण आहे तुमचं?" ती पेन धरून थांबली, माझ्यामागे माणसं खोळंबली होती. मग तुझं नाव सांगितलं. "नातं?" म्हणाली. मी म्हटलं, "बहीण." तुला न विचारता. जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने कळव, मी समजून घेईन. नाही गं, हे मी उगाच लिहिलं. ये.

तुझीच,
गोगलगाय